वजनाची जाणीव

उचललेली, हातात धरलेली किंवा अंगावर पेललेली वस्तू किती जड अथवा किती हलकी आहे, याविषयी माणसाला होणाऱ्या बोधाला वजनाची जाणीव असे म्हणतात. डोळा हे जसे प्रकाशाचे आणि कान हे जसे ध्वनीचे इंद्रिय आहे, तसे वजनाचे स्वतंत्र इंद्रिय मानवी शरीरात नाही. त्वचा, स्नायू, कंडरा व सांधे यांच्याकडून येणारे संदेश, मेंदूने स्नायूंना दिलेल्या आज्ञा आणि वस्तूविषयीची पूर्वापेक्षा यांच्या मेळातून ही जाणीव तयार होते. त्यामुळे वस्तूचे काट्यावरचे वजन आणि हाताला जाणवणारा जडपणा नेहमी जुळतातच असे नाही. समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान आकाराची वस्तू अधिक जड भासणे, म्हणजेच आकार-वजन भ्रम, हे या तफावतीचे सर्वांत परिचित उदाहरण होय.

या विषयाचा अभ्यास मानसशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान आणि चेताविज्ञान या शाखांमध्ये केला जातो. प्रायोगिक मानसशास्त्राच्या प्रारंभीच्या काही मूलभूत नियमांचा शोध वजन उचलण्याच्या प्रयोगांतूनच लागला.

वजन, वस्तुमान आणि जडपणा

भौतिकशास्त्रात वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्याचे प्रमाण, तर वजन म्हणजे त्या वस्तुमानावर कार्य करणारे गुरुत्वीय बल. चंद्रावर वस्तूचे वस्तुमान पृथ्वीवर असते तेवढेच राहते. वजन मात्र सुमारे एक षष्ठांश होते. व्यवहारात या दोन्हींसाठी ‘वजन’ हा एकच शब्द वापरला जातो.

माणसाला जाणवणारा जडपणा या दोन्हींपासून वेगळा मानला जातो. वस्तू तळहातावर स्थिर असताना मुख्यतः तिच्या भाराची जाणीव होते. ती वरखाली हलवून ‘तोलून’ पाहिल्यास तिच्या जडत्वाचीही माहिती मिळते. शिवाय वस्तू शरीरापासून किती अंतरावर धरली आहे यालाही महत्त्व असते. पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरल्यास खांद्याच्या सांध्यावर पडणारे बलाचे आघूर्ण वाढते व तीच कळशी कमरेवर घेतल्यापेक्षा जास्त जड वाटते. कळशीचे वजन बदललेले नसते. ती पेलण्यासाठी लागणारे स्नायूंचे श्रम बदललेले असतात.

संशोधनाचा इतिहास

स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी १८२६ मध्ये असे मांडले की, मेंदू व स्नायू यांच्यात संदेशांचे वर्तुळ असते. मेंदूकडून स्नायूकडे आज्ञा जाते आणि स्नायूची अवस्था मेंदूला परत कळते. या ‘स्नायुसंवेदने’च्या कल्पनेमुळे वजनाची जाणीव केवळ त्वचेच्या दाबातून होते या समजुतीला छेद गेला.

जर्मनीतील लाइपझिग येथील एर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी १८३४ मध्ये स्पर्शसंवेदनेवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. हात मेजावर टेकवून त्यावर वजने ठेवली असता आणि तीच वजने हाताने उचलली असता फरक ओळखण्याची क्षमता सारखी असते का, हे त्यांनी तपासले. उचलून पाहिल्यास फरक बराच बारकाईने कळतो असे त्यांना आढळले. त्यांचेच सहकारी गुस्टाव्ह फेक्नर यांनी स्वतःवर वजनांच्या तुलनेचे हजारो प्रयोग केले आणि १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून मनोभौतिकी या शाखेचा पाया घातला.

१८८९ मध्ये गेओर्ग एलियास म्युलर व फ्रीडरिश शुमान यांनी असे सुचवले की, वस्तू किती वेगाने वर येते यावरून आपण तिचे वजन ठरवतो. अपेक्षेपेक्षा झटकन वर येणारी वस्तू हलकी व रेंगाळत येणारी वस्तू जड भासते. १८९१ मध्ये फ्रेंच वैद्यक ऑगस्टँ शार्पांटिए यांनी समान वजनाच्या परंतु वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्यांवर प्रयोग करून आकार-वजन भ्रमाचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. त्यामुळे या भ्रमाला ‘शार्पांटिए भ्रम’ असेही म्हणतात.

शारीरिक यंत्रणा

संवेदनाग्रे

वजनाविषयीची माहिती देणारी संवेदनाग्रे प्रामुख्याने तीन ठिकाणी असतात. त्वचेतील संवेदनाग्रे दाब, ताण व घसरण टिपतात. स्नायूंमध्ये चातीच्या आकाराची सूक्ष्म संवेदनाग्रे असतात. ती स्नायूची लांबी व लांबीतील बदलाचा वेग कळवतात. स्नायू जेथे कंडरेला जोडला जातो तेथील संवेदनाग्रे स्नायूत निर्माण झालेले बल मोजतात. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांच्या नावाने ती ओळखली जातात. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक चार्ल्स शेरिंग्टन यांनी शरीराच्या स्थितीची व हालचालीची आतून होणारी जाणीव दर्शवण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वतंत्र संज्ञा रूढ केली. वजनाची जाणीव बऱ्याच अंशी या आत्मसंवेदनेवर अवलंबून असते.

श्रमाची जाणीव

संवेदनाग्रांकडून येणारे संदेश हा जाणिवेचा एक भाग आहे. मेंदू स्नायूंना किती तीव्र आज्ञा देत आहे, ही माहितीही जडपणा ठरवताना वापरली जाते असे अनेक निरीक्षणांवरून दिसते. दीर्घकाळ ओझे वाहून स्नायू थकले की तेच ओझे अधिक जड वाटू लागते. स्नायूवरील प्रत्यक्ष भार तेवढाच असतो. परंतु तेवढेच बल निर्माण करण्यासाठी थकलेल्या स्नायूला अधिक तीव्र आज्ञा द्यावी लागते. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ इयन मॅक्लॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी थकवा आणून किंवा औषधाने स्नायू तात्पुरते दुर्बल करून हाच परिणाम प्रयोगांत दाखवला.

पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागून जखमी झालेल्या सैनिकांची तपासणी करताना ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनाही असेच आढळले. ज्या बाजूच्या हालचालींवर परिणाम झाला होता, त्या बाजूच्या हाताला वस्तू अधिक जड वाटत असत. मात्र श्रमाची जाणीव व संवेदनाग्रांचे संदेश यांपैकी कोणाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परिस्थितीनुसार हा वाटा बदलत असावा असे आज सामान्यतः मानले जाते.

पकड आणि पूर्वानुमान

स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाचे रोलांड योहान्सन व गोरान वेस्टलिंग यांनी १९८० च्या दशकात अंगठा व तर्जनीच्या चिमटीत वस्तू उचलताना बोटांचे बल कसे बदलते याची सूक्ष्म मोजणी केली. वस्तू वर उचलणारे बल आणि तिला दाबून धरणारे पकडीचे बल ही दोन्ही बरोबरीने वाढतात, असे त्यांना आढळले. पकडीचे बल घसरण रोखण्यास लागणाऱ्या किमान बलापेक्षा थोडेच अधिक ठेवले जाते. पृष्ठभाग रेशमासारखा गुळगुळीत असेल तर पकड आपोआप घट्ट होते आणि खरखरीत असेल तर सैल राहते.

हे बल वस्तू जमिनीवरून उचलली जाण्यापूर्वीच ठरलेले असते. आकार, पदार्थ आणि पूर्वीचा अनुभव यांवरून मेंदू वजनाचा अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर त्वचेतील संवेदनाग्रांच्या संदेशांमुळे सेकंदाच्या लहानशा अंशात बलात सुधारणा होते. भरलेली समजून उचललेली रिकामी बादली झटक्याने वर येते ती या चुकलेल्या अंदाजामुळेच. लहान मुलांमध्ये ही पूर्वानुमानाची क्षमता जन्मतः पूर्ण विकसित नसते. ती बालपणात हळूहळू पक्की होत जाते.

मनोभौतिक नियम

दोन वजनांतील फरक कळण्यासाठी तो किती असावा लागतो, याचे उत्तर वेबर यांनी ठरावीक ग्रॅममध्ये न देता गुणोत्तरात दिले. उचललेल्या वजनांबाबत हे प्रमाण त्यांनी सुमारे एक चाळिसांश नोंदवले. म्हणजे ४०० ग्रॅमच्या वस्तूच्या तुलनेत सुमारे १० ग्रॅमचा, तर ४ किलोग्रॅमच्या वस्तूच्या तुलनेत सुमारे १०० ग्रॅमचा फरक असावा लागतो. या तत्त्वाला वेबरचा नियम म्हणतात. अतिशय हलक्या वजनांना तो नीट लागू पडत नाही.

फेक्नर यांनी या नियमावरून असा निष्कर्ष काढला की, उद्दीपन गुणाकाराने वाढले तर संवेदना बेरजेने वाढते. विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी लोकांना जाणवलेल्या जडपणाला थेट संख्या देण्यास सांगितले व निराळा नियम मांडला. त्यांच्या घातनियमानुसार उचललेल्या वजनासाठी घातांक सुमारे १.४५ येतो. याचा अर्थ वजन दुप्पट झाल्यास जाणवणारा जडपणा दुपटीहून अधिक, सुमारे पावणेतीनपट होतो.

वस्तू उचलण्याच्या क्रमाचाही निर्णयावर परिणाम होतो. एकामागून एक उचललेल्या दोन समान वजनांपैकी नंतरचे वजन अधिक जड ठरवण्याकडे कल असतो. फेक्नर यांच्या काळापासून ही ‘कालक्रम-त्रुटी’ ज्ञात आहे आणि ती टाळण्यासाठी प्रयोगांत क्रम उलटसुलट केला जातो.

वजनाचे भ्रम

आकार-वजन भ्रम

समान वजनाचे एक लहान व एक मोठे खोके क्रमाने उचलल्यास लहान खोके स्पष्टपणे जड वाटते. दोन्ही खोकी उचलणाऱ्याच्या समोर काट्यावर ठेवून त्यांचे वजन समान असल्याचे दाखवले तरी हा भ्रम नाहीसा होत नाही. त्यामुळे हा केवळ अज्ञानातून होणारा चुकीचा तर्क नाही, असे मानले जाते.

हा भ्रम केवळ डोळ्यांमुळे होतो असेही नाही. कॅनडातील रँडी एलिस व सुसान लेडरमन यांनी १९९३ मध्ये दाखवले की, डोळे बांधून वस्तू हाताने चाचपत उचलल्यासही भ्रम पूर्ण तीव्रतेने होतो. वस्तूचा आकार केवळ दिसत असेल, पण ती दोरीने उचलल्यामुळे हाताला आकार कळत नसेल, तर भ्रम होतो परंतु त्याची तीव्रता कमी असते. जन्मतः अंध व्यक्तींनाही तो होतो.

पदार्थ-वजन भ्रम

आकार व वजन दोन्ही समान असलेले, पण थर्मोकोल, लाकूड व धातू यांचे दिसणारे तीन ठोकळे उचलल्यास थर्मोकोलचा ठोकळा सर्वांत जड आणि धातूचा सर्वांत हलका भासतो. अशा प्रयोगांसाठी ठोकळे आतून पोकळ करून किंवा भरून त्यांचे वजन सारखे केले जाते. हा भ्रम आकार-वजन भ्रमापेक्षा सौम्य असून वस्तू बऱ्याच जड असल्यास तो क्षीण होतो.

इतर भ्रम

थंड नाणे: कपाळावर ठेवलेले थंड नाणे त्याच वजनाच्या उबदार नाण्यापेक्षा जड भासते, असे वेबर यांनी नोंदवले. दाब टिपणारी काही संवेदनाग्रे थंडीनेही उद्दीपित होतात, हे याचे कारण मानले जाते.

गुळगुळीतपणा: घसरणारी वस्तू धरण्यासाठी पकड घट्ट करावी लागत असल्याने ती त्याच वजनाच्या खरखरीत वस्तूपेक्षा थोडी जड वाटते.

गोल्फच्या चेंडूंचा भ्रम: सरावाचे गोल्फचे चेंडू खेळातील चेंडूंपेक्षा हलके असतात. एलिस व लेडरमन यांनी १९९८ मध्ये दोन्ही प्रकारचे चेंडू समान वजनाचे करून दिले, तेव्हा अनुभवी खेळाडूंना सरावाचे चेंडू अधिक जड वाटले. गोल्फ न खेळणाऱ्यांना असा फरक जाणवला नाही. पूर्वज्ञानाचा जाणिवेवर थेट परिणाम होतो, याचा हा महत्त्वाचा पुरावा समजला जातो.

कापूस आणि लोखंड: ‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ हे कोडे मराठीत सर्वपरिचित आहे. काट्यावर दोन्ही समान ठरतात. मात्र अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डोळे बांधलेल्या व्यक्तींना समान आकाराच्या खोक्यांत भरलेले एक पौंड शिसे व एक पौंड पिसे उचलण्यास दिली असता शिशाचे खोके अधिक वेळा जड ठरवले गेले. खोक्यातील वस्तुमानाच्या वाटणीतील फरक, हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले.

भ्रमांची स्पष्टीकरणे

आकार-वजन भ्रमाचे सर्वांत जुने स्पष्टीकरण अपेक्षाभंगाचे आहे. मोठी वस्तू जड असणार असे गृहीत धरून अधिक बल लावले जाते, ती सहज वर येते आणि म्हणून हलकी वाटते. हे स्पष्टीकरण दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत मान्य होते. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाचे रँडल फ्लॅनगन व मायकेल बेल्ट्झनर यांनी २००० मध्ये त्याची कसोटी घेतली. त्यांनी समान वजनाचे लहान व मोठे ठोकळे आळीपाळीने वीस वेळा उचलायला लावून प्रत्येक वेळचे बोटांचे बल मोजले. पहिल्या काही प्रयत्नांत मोठ्या ठोकळ्याला जास्त बल लावले गेले. थोड्याच वेळात बोटांनी खरे वजन ‘शिकून’ दोन्ही ठोकळ्यांना समान बल लावण्यास सुरुवात केली. तरीही लहान ठोकळा जड असल्याचा भ्रम जराही कमी झाला नाही.

या निष्कर्षातून दोन गोष्टी पुढे आल्या. बलातील चूक हे भ्रमाचे कारण असू शकत नाही. आणि हात चालवण्यासाठी मेंदू वापरत असलेला अंदाज व वजनाचा निर्णय देण्यासाठी वापरत असलेला अंदाज हे परस्परांपासून स्वतंत्र असावेत. पहिला अंदाज काही मिनिटांत सुधारतो, दुसरा फार हळू बदलतो. फ्लॅनगन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लहान वस्तू जड व मोठ्या वस्तू हलक्या असा उलटा संच काही व्यक्तींना अनेक दिवस हाताळायला दिला. दीर्घ सरावानंतर त्यांचा भ्रम क्षीण होत गेला आणि अखेरीस उलटला, म्हणजे समान वजनाच्या वस्तूंत मोठी वस्तू जड वाटू लागली.

इतर प्रमुख स्पष्टीकरणे अशी आहेत:

घनता: माणूस जडपणा सांगताना नकळत वजनासोबत वस्तूची घनताही विचारात घेतो.

जडत्व: एरिक अमझीन व मायकेल टर्वी यांच्या १९९६ मधील मांडणीनुसार, वस्तू फिरवताना जाणवणारा विरोध वस्तुमानाच्या वाटणीवर अवलंबून असतो आणि हाताला मुख्यतः तोच कळतो. या दृष्टीने भ्रम ही चूक नसून एका वेगळ्या भौतिक गुणधर्माचे अचूक ज्ञान ठरते.

फेकण्याची योग्यता: जडपणाची जाणीव वस्तू दूर फेकण्यास किती योग्य आहे हे ओळखण्यासाठी घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

संभाव्यता: मेंदू पूर्वानुभव व प्रत्यक्ष संवेदना यांची संख्याशास्त्रीय सांगड घालतो, असे मानणारी प्रतिमाने अलीकडे मांडली गेली आहेत. परंतु साध्या प्रतिमानानुसार जाणीव पूर्वापेक्षेकडे झुकायला हवी, म्हणजे मोठी वस्तू जड वाटायला हवी. प्रत्यक्षात याच्या उलट घडते, ही या मांडणीपुढील मुख्य अडचण आहे.

यांपैकी कोणतेही एक स्पष्टीकरण सर्व निरीक्षणांना पुरेसे ठरलेले नाही.

विशेष परिस्थितीतील जाणीव

अवकाशात: कक्षेत फिरणाऱ्या यानात वस्तूंना वजन जाणवत नाही; परंतु त्या हलवून पाहिल्यास जडत्वावरून वस्तुमानाचा अंदाज घेता येतो. १९८३ मधील स्पेसलॅब मोहिमेत हेलन रॉस व सहकाऱ्यांनी आखलेल्या प्रयोगांत अंतराळवीरांची वस्तुमानातील फरक ओळखण्याची क्षमता पृथ्वीवरील क्षमतेपेक्षा कमी भरली. परतल्यानंतर काही काळ त्यांना स्वतःचे शरीर व वस्तू नेहमीपेक्षा जड वाटत असत.

दुसऱ्याला उचलताना पाहून: उचलणाऱ्याच्या हालचालींवरूनही वजनाचा अंदाज करता येतो. स्वीडनमध्ये स्वेर्कर रुनेसन व गुनिल्ला फ्रिकहोल्म यांनी १९८१ मध्ये अंधारात, केवळ सांध्यांवर लावलेले प्रकाशबिंदू दिसतील अशा रीतीने खोके उचलणाऱ्या व्यक्तीचे चित्रण दाखवले. तेवढ्यावरूनही प्रेक्षकांनी खोक्याच्या वजनाचे बऱ्यापैकी अचूक अंदाज केले.

व्यावहारिक महत्त्व

वेबरच्या प्रमाणानुसार अनुकूल परिस्थितीतही एक किलोग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅमपर्यंतची तूट हाताला कळत नाही. वेष्टनाचा आकार बदलल्यास ही मर्यादा आणखी सैल होते. व्यवहारात हाताच्या अंदाजाऐवजी काट्याचा आग्रह धरण्यामागे हे कारण आहे. भारतात वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार व्यापारात पडताळणी करून मुद्रांकित केलेली वजने व काटे वापरणे बंधनकारक आहे.

ओझे उचलण्याच्या कामात जाणिवेतील चूक दुखापतीचे कारण ठरू शकते. लहान पण जड पेटी हलकी समजून उचलल्यास पाठीवर अनपेक्षित ताण येतो. मोठी पण रिकामी पेटी जोर लावून उचलल्यास तोल जाऊ शकतो. म्हणून बंद खोक्यांवर वजन ठळकपणे लिहिणे व उचलण्यापूर्वी खोके किंचित कलते करून अंदाज घेणे यांची शिफारस केली जाते. एखादे ओझे ‘झेपते’ असे वाटणे हा सुरक्षिततेचा पुरावा नसल्यामुळे मर्यादा आकड्यांत दिल्या जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने वाहून नेण्याच्या ओझ्यासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या १९९१ मधील सुधारित सूत्रात आदर्श परिस्थितीतही उचलण्याची मर्यादा २३ किलोग्रॅम धरली असून अंतर, उंची, वारंवारता इत्यादींनुसार ती कमी केली जाते.

कृत्रिम अवयवांच्या क्षेत्रातही हा विषय महत्त्वाचा आहे. कृत्रिम पाय नैसर्गिक पायापेक्षा हलका असूनही तो वापरणाऱ्या अनेकांना जड वाटतो व त्यामुळे त्याचा वापर टाळला जातो. अशा अवयवातून मज्जातंतूंना स्पर्शाचे संदेश पोहोचवल्यास हा जडपणा कमी भासतो, असे अलीकडील संशोधनात दिसून आले आहे. आभासी वास्तवात प्रत्यक्ष वजन नसलेल्या वस्तूची पडद्यावरील हालचाल हाताच्या हालचालीपेक्षा मंद दाखवून ती जड असल्याचा आभास निर्माण केला जातो.

हे सुद्धा पहा

वेबर-फेक्नर नियम
मनोभौतिकी
दृष्टिभ्रम
स्पर्श
वस्तुमान
गुरुत्वाकर्षण